तीसपैकी तीस

भारांक जाहीर झाले त्या सकाळी वृंदा हंगरगेला आपला आकडा पाहून वाटलं, पान अर्धवटच उघडलंय. तिने ते बंद केलं, पुन्हा उघडलं. आकडा तोच होता. शून्य दशांश शून्य दोन.

देवणगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. अकरावी-बारावीला क्रेडिटची पद्धत आली तेव्हापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, ती क्रेडिट-समन्वयकही होती. कोणी गणिताची क्रेडिट किती घ्यायची, कोणी प्रयोगशाळेची, कुठली प्रवेशचाचणी द्यायची नि कुठली सरळ सोडून द्यायची, हे ती पालकांना समोर बसवून ठरवून देई. तालुक्यात तिच्या शब्दाला मान होता. लोक बाजारात थांबवून विचारत, "मॅडम, आमच्या पोराचं कसं बसवायचं?"

ती अजून त्या आकड्याकडेच बघत होती, तेवढ्यात दारात बारावीतली प्रणिता कासले आणि तिची आई उभ्या राहिल्या.

"मॅडम, येऊ का?" सविताताई आतच आल्या. त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या आणि आज रजा टाकून आल्या होत्या. "सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही हिने. म्हणते, माझे प्रॅक्टिकलचे मार्क गेले. मी म्हटलं, मार्क काय पाकीट आहे का जायला? तीसपैकी तीस दिलेत ना तुम्ही?"

"दिलेत."

"बघ! मी काय म्हणत होते?"

प्रणिताने हातातला टॅब पुढे केला. ती हळू आवाजात बोलणारी मुलगी होती, आज तर जवळजवळ कुजबुजलीच. "आई, मार्क आहेत. पण ते मोजतच नाहीत."

"कोण मोजत नाही?"

"मॅडम सांगतील," प्रणिता म्हणाली.

मॅडमनी सांगायचं ते असं होतं.

मानदंड ही देशभरच्या प्रवेशांची गणनाव्यवस्था. पूर्वी मार्क म्हणजे मार्क. कुणीही दिलेले असोत, बेरजेत सारखेच पडत. मानदंडने एक साधी गोष्ट सुरू केली. मुलं कॉलेजात गेल्यावर पुढे त्यांचं काय होतं, याकडे तो लक्ष ठेवू लागला. कोण प्रयोगशाळेत टिकलं, कोणी पहिल्याच सत्रात विषय सोडला, कुणाचा प्रयोग दुसऱ्याने केला तरी तेच उत्तर आलं. मग तो उलटा मागे जाई. या मुलाला शाळेत ज्या शिक्षकाने मार्क दिले होते, त्या मार्कांवरून हे आधी ओळखता आलं असतं का? जितकं ओळखता आलं असतं, तितका त्या शिक्षकाचा भारांक. तो एकाच्या जवळ असेल, तर त्या शिक्षकाचे मार्क पूर्ण धरायचे. शून्याच्या जवळ असेल, तर बेरजेत घ्यायचेच नाहीत. तीन वर्षं या भारांकाची नुसती चर्चा चालू होती आणि चर्चाच राहील असं सगळे धरून चालले होते. यंदा तो लागू झाला.

यात शिक्षकाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न मानदंड विचारतच नाही. एखाद्या थर्मामीटरचा पारा तीस अंशांवर अडकलाय असं समजा. कधीतरी बाहेर खरोखर तीस अंश असतात, आणि त्या दिवशी तो चूक नसतो. पण त्या दिवशीही तो काहीच सांगत नाही, कारण वीस असते तरी त्याने तीसच दाखवले असते. माहिती असते ती फरकात. आणि वृंदाने सहा वर्षं प्रत्येक मुलाला रसायनाच्या प्रात्यक्षिकात तीसपैकी तीस दिले होते. कोणी परीक्षेला आलंच नाही तर एकोणतीस. ते शून्य दशांश शून्य दोन बहुधा त्या गैरहजरांच्याच कृपेने आलं होतं.

"म्हणजे मॅडम," सविताताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "तुम्ही दिलेल्या मार्कांवर कुणाचा विश्वास नाही?"

वृंदाने समोरचं पान बंद केलं.

"तसं नाही हो. तांत्रिक अडचण आहे. मी बघते."

"बघा बाई. आम्हाला काय कळतं यातलं? तुम्ही म्हणालात लॅबची क्रेडिट घे, हिने घेतली."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणून ते जास्त लागलं.

*

प्रणिता लेखी परीक्षेत मागे पडे. तिला सगळं येई, पण वेळेत उतरवता येत नसे. प्रत्येक प्रश्नापाशी ती खरं काय ते शोधत बसे. प्रयोगशाळेत मात्र तिचा हात असा चाले की वृंदा इतर मुलांना सोडून बघत राही. अकरावीच्या पहिल्या सत्रात तिने प्रणिताला बोलावून सांगितलं होतं, "वरच्या गणिताची दोन क्रेडिट सोड. त्याऐवजी प्रयोगशाळेची दोन वाढव, म्हणजे तिथली चार होतील. पुण्याच्या ऊर्जा-पदार्थ संस्थेत पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तिथे प्रात्यक्षिकाला निम्मं महत्त्व आहे. तू तिथली आहेस."

सल्ला अचूक होता. चूक एवढीच होती, की प्रणिताच्या हातात चार क्रेडिट देणारी व्यक्ती वृंदाच होती. आता ती चारही कागदावर होती आणि बेरजेत नव्हती. गणिताची दोन तिने सोडली होती. प्रादेशिक केंद्रावर थेट प्रयोगचाचणी देता आली असती, पण तिथल्या जागा जानेवारीतच भरल्या होत्या. पुण्याची यादी ठरायला तीन आठवडे उरले होते.

मानदंडच्या नियमांत एक वाट होती. वृंदाने ती दुपारपर्यंत शोधून काढली आणि प्राचार्य बिरादार सरांकडे गेली.

"फेरमूल्यांकन?" सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे काय करायचं?"

"आपले ब्युरेट आणि तराजू स्वयंनोंदीचे आहेत सर. मुलाने किती थेंब सोडले, कधी थांबला, सगळं साठवलेलं असतं. त्यावरून मी मागच्या सहाही वर्षांचे मार्क पुन्हा द्यायचे. खरे. मानदंडकडे त्या मुलांचं पुढे काय झालं ते आहेच, त्याच्याशी तो लगेच ताडून बघेल. जुळलं तर भारांक वाढेल."

"फक्त यंदाचे द्या की."

"चालत नाही. सगळे, नाहीतर एकही नाही. आणि एकदाच."

बिरादार सर वाईट माणूस नव्हते. पोरांची फी थकली तर ते स्वतः रदबदली करत. त्यांनी शिपायाला चहा सांगितला आणि दार लोटून घेतलं.

"हंगरगे मॅडम, सगळेच पूर्ण देतात. आपणच हात आखडला असता तर आपली पोरं मागे राहिली असती. शेजारच्या तालुक्यात—"

"त्यांचाही भारांक शून्यच आहे सर. मी पाहिला."

"मग झालं तर! सगळेच शून्य, म्हणजे कुणाचंच नुकसान नाही."

"ज्याला लेखीत मार्क आहेत त्याचं नाही. प्रणिताचं आहे."

"एक मुलगी. आणि तिच्यासाठी तुम्ही सहा वर्षांच्या पोरांचे मार्क कापणार? गावात लोक काय म्हणतील? आपणच कबूल केल्यासारखं होईल, की आधीचे खोटे होते."

"होतेच."

"अहो, खोटे काय म्हणता? सढळ होते."

वृंदाला हसू आलं आणि त्याच क्षणी त्या हसण्याची लाज वाटली. कारण हाच शब्द तिनेही मनात किती वेळा वापरला होता. मार्चमध्ये बाहेरचे परीक्षक येत. त्यांच्या जेवणाची सोय तिच्याच घरून व्हायची. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, वर आमरस. जेवण झालं की ते पेनाचं टोपण काढत आणि म्हणत, "मॅडम, नेहमीप्रमाणेच ना?" आणि ती म्हणे, "हो सर, पोरांचं नुकसान नको." त्या वाक्यात तिला दरवर्षी आपण फार चांगल्या आहोत असं वाटे.

"झालेले प्रवेश रद्द होत नाहीत," ती म्हणाली. "पण नोंदीतला आकडा बदलेल. पुढे नोकरीला, शिष्यवृत्तीला तोच दिसेल."

"आणि तुमचा शंतनू?" सरांनी अगदी हळू विचारलं. "तोही तुमच्याच हातचा ना?"

"हो," वृंदा म्हणाली.

चहा आला. दोघांनी तो संपवला. शेवटी सर म्हणाले, "परीक्षक तुम्ही आहात. नियमाने मी अडवू शकत नाही. पण मी सही करणार नाही."

"सही लागत नाही सर."

*

बारावीच्या वर्गाला बोलावून तिने स्वतः सांगितलं. चाळीस मुलं ऐकून आधी हसली.

"म्हणजे आमचे तीस राहणार नाहीत?" बालाजी सूर्यवंशीने विचारलं. तो पुढच्या बाकावर बसणारा, सगळ्यांच्या आधी बोलणारा मुलगा होता.

"ज्याचे असतील त्याचे राहतील."

"मॅडम, माझे अंदाजे किती होतील?"

"नोंदी बघितल्यावर कळेल."

"तुम्हाला आत्ताच माहितीये मॅडम. तोंडावर दिसतंय तुमच्या."

"बाल्या, तू एक थेंब म्हणून अर्धं ब्युरेट रिकामं करतोस, ते सगळ्या तालुक्याला माहितीये," मागून कोणीतरी म्हणालं आणि वर्ग खदखदला. बालाजीही हसला. पण त्याची नजर वृंदावरच होती.

खिडकीपाशी बसणारी स्नेहल आडे उभी राहिली. "मॅडम, एक विचारू? मला येत नाही हे तुम्हाला माहीत होतं, तर दिवाळीच्या आधी का नाही सांगितलं? शिकले असते की मी."

वृंदाने हातातला खडू खाली ठेवला. "सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो ना," स्नेहल म्हणाली आणि खाली बसली.

*

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. रिकाम्या प्रयोगशाळेत वृंदा एका पडद्यासमोर रोज बसू लागली.

टायट्रेशन म्हणजे तसा सोपा प्रयोग. फ्लास्कमध्ये रंगदर्शक घातलेलं आम्ल असतं, वरच्या ब्युरेटमधून अल्कली थेंबथेंब सोडायचं. आम्ल संपतं त्या क्षणी रंगहीन द्रावण फिकट गुलाबी होतं. तिथे थांबायचं. एक थेंब जास्त पडला की गुलाबी गडद होतो आणि माणूस फसतो. हे तीनदा करायचं आणि तिन्ही वाचनं लिहायची.

स्वयंनोंदीच्या ब्युरेटने प्रत्येक मुलाची रेषा काढून ठेवली होती. एकजण सुरुवातीलाच घाईने निम्मं ओतून टाकी. एकीची रेषा शेवटी कापऱ्या पायऱ्यांसारखी उतरे. तिला भीती वाटत होती, पण ती नेमकी थांबली होती. आणि खाली, त्या मुलांनी वहीत काय लिहिलं तेही होतं. ब्युरेट म्हणे १०.२, ११.६, ९.७. वही म्हणे १०.२, १०.२, १०.२. मुलामागून मूल, वर्षामागून वर्ष, तिन्ही वाचनं सारखी. हे त्यांना कोणी शिकवलं, हे शोधायला पडद्याची गरज नव्हती. "तिन्ही सेम लिहा रे, बाहेरचे सर विचारत बसतील," हे वाक्य ती दर मार्चमध्ये फळ्यापाशी उभी राहून मोठ्याने म्हणत आली होती.

प्रणिताची नोंद उघडली. ब्युरेट: १०.२, १०.३, १०.२. वहीत मधल्या आकड्यावर रेघ होती आणि शेजारी १०.२ लिहिलं होतं. ते लिहायला लावणारी वृंदाच होती. प्रणिताने तेव्हा विचारलं होतं, "पण मॅडम, आलं तर १०.३ आहे." आणि तिने उत्तर दिलं होतं, "अगं, तेवढ्याने काय होतं? शहाणपणा करू नकोस."

वृंदा उठली, बेसिनपाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा बसली.

तिला वाटलं होतं, जुनी मुलं आठवणार नाहीत. पण रेषा पाहिली की हात आठवे. हा डावखुरा, ब्युरेटची चावी उलट्या बाजूने धरणारा. ही फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवायला कधी न विसरणारी. मार्क द्यायला तिला वेळ लागत नव्हता. बावीस. चौदा. सत्तावीस. आकडा जणू आधीपासून तयार बसलेला असे. प्रणिताला तिने एकोणतीस दिले. पिपेटच्या टोकात राहणारा शेवटचा थेंब ती फुंकून काढी आणि तो फुंकायचा नसतो. बालाजीला अकरा. अकरा लिहिताना तिला त्याचं हसणं आठवलं. त्याला कृषी-जैवतंत्रज्ञानाला जायचं होतं. भारांक वाढला तर त्याच्या यादीतली वरची दोन कॉलेजं जाणार, हे तिला ठाऊक होतं, कारण ती यादी तिनेच करून दिली होती. तिने अकरा लिहिले.

तीन वर्षांपूर्वीची तुकडी उघडली तेव्हा चौथं नाव होतं हंगरगे शंतनू.

रेषा पाहण्याआधीच तिला सगळं दिसलं. शंतनू फ्लास्ककडे बघतच नसे. तो थेंब सोडी आणि आईच्या चेहऱ्याकडे बघे. आता? अजून? आणि समोरून चालताना ती पापणी किंचित खाली करी. बस. तो थांबे. तिला वाटे, कोणाच्या लक्षात येत नाही. तिला वाटे, मुलगा हुशार आहे, फक्त घाबरट आहे.

तिने रेषा बघितली. शेवटचं वाचन नेमकं होतं. ते तिचं होतं. पहिली दोन, जेव्हा ती वर्गाच्या दुसऱ्या टोकाला असणार, कुठच्या कुठे गेलेली.

चोवीस द्यावेत का? एका मुलाने एवढ्या मोठ्या हिशोबात काही फरक पडत नाही. मानदंडच्या दृष्टीने तो गोंगाटातला एक ठिपका होता. कोणालाही कधीही कळलं नसतं. तिने चोवीस लिहिलेही. मग फोन उचलला.

नाशिकला केमिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षात असलेला शंतनू पडद्यावर आला तेव्हा मेसच्या डब्यातली पोळी खात होता.

"बोल आई. आज दुपारीच कशी?"

तिने सांगितलं. थोडक्यात, वर्गाला शिकवावं तसं. शेवटी म्हणाली, "तुझे कमी होतील."

"किती?"

"अजून दिलेले नाहीत."

शंतनूने पोळी खाली ठेवली. "आई, एक सांगू? हसू नकोस. इथे पहिल्या सत्रात पहिलंच टायट्रेशन होतं. मी चावी सोडली आणि मॅडमच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. त्या आपल्या मोबाईल बघतायत. ब्युरेट संपलं पूर्ण. सगळी पोरं बघत होती. मला कळेना, या काही म्हणत का नाहीत!"

तो हसत होता. ती हसली नाही.

"तू मला म्हणाला होतास, तिथल्या मॅडम कडक आहेत."

"मग काय सांगणार? मला वाटलं होतं, मला केमिस्ट्री येते. तीसपैकी तीस होते. तेवढ्यावर तर मी ही शाखा घेतली. बाबा म्हणत होते स्थापत्य घे, तू म्हणालीस लॅब चांगली आहे तुझी." त्याचा आवाज खाली आला. "माझे दोन विषय मागे आहेत आई. तुला एकच सांगितला होता."

त्याच्यामागे मेसमध्ये ताटांचा आवाज येत होता.

"तुला तेव्हा माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"बरं." त्याने डबा बंद केला. "खरे काय असतील ते दे. आता त्यानं माझं काय बिघडणार आहे. मला लेक्चर आहे, ठेवतो."

त्याने ठेवला. लेक्चर नसावं; डबा अर्धा भरलेला होता. वृंदाने चोवीस खोडून तेरा लिहिले आणि पुढचं नाव उघडलं.

*

उत्तर आठवडाभराने आलं. भारांक: शून्य दशांश चौऱ्याहत्तर.

बिरादार सरांचा फोन पंधरा मिनिटांत. "मॅडम! अभिनंदन! जिल्ह्यात एवढा कुणाचाच नाही! संस्थाचालकांचा फोन होता मला, संभाजीनगरहून. मी म्हटलं, आमच्या हंगरगे मॅडम म्हणजे... काय बोलावं!"

"सर, तुम्ही सही करणार नव्हता."

"ते जाऊ द्या हो. काळजी होती म्हणून म्हणालो."

दुसरीकडून जुन्या विद्यार्थ्यांचे निरोपही येऊ लागले होते. 'मॅडम, माझे तीसचे चौदा कसे काय झाले?' 'मॅडम, मला मुलाखतीत विचारलं, काय सांगू?' ती एकेकाला उत्तर लिहीत होती. काय चुकत होतं ते लिहायचं, माफी मागायची, सही करायची. माफीचं वाक्य रोज वेगळं लिहून पाहिलं तरी ते रोज सारखंच निघे.

प्रणिता पेढे घेऊन आली. पुण्याहून प्रत्यक्ष प्रयोगासाठी बोलावणं आलं होतं. पहिल्या यादीत नाव होतं. सविताताई अंगणवाडीतून सुटल्यावर येणार होत्या.

"मॅडम, एक मार्क कुठे गेला माझा?" तिने बसता बसताच विचारलं.

"पिपेट फुंकतेस."

"हो?" प्रणिताचा चेहरा उजळला. तिने हवेत पिपेट धरून ओठांपाशी नेलं, मग स्वतःशीच हसली. "हो की! फुंकते. मला माहीतच नव्हतं. आजवर कुणी माझी चूक सांगितलीच नाही मॅडम. सगळे नुसतं छान म्हणतात."

"तुझं छानच आहे."

"ते कसं कळणार? सगळ्यांना तीस, मलाही तीस. मला वाटायचं, माझं म्हणजे असंच काहीतरी, बाल्यासारखंच. तुम्ही लॅबची क्रेडिट घ्यायला सांगितली तेव्हा मला वाटलं, मला गणित येत नाही म्हणून सांगताय."

वृंदाच्या हातातला पेढा तसाच राहिला.

प्रणिता टॅबवर काहीतरी बघत होती. तिला आकडे समजून घ्यायची सवय होती आणि त्यात कोणाला दुखवायचा हेतू कधी नसे. "मॅडम, हा पॉइंट चौऱ्याहत्तर म्हणजे, तुम्ही आता दिलेले मार्क आणि पोरांचं पुढे जे झालं ते, हे इतकं जुळलं, असंच ना?"

"हो."

"पण पुढे काय झालं ते तुम्हाला दिसत नव्हतं."

"नाही. ते झाकलेलं असतं. नोंदीतली रेषा उघडली की मला हात आठवायचा आणि आकडा तयारच असायचा."

"म्हणजे तुम्ही पोरांचे हात आठवून दिलेत." ती थोडा वेळ विचार करत राहिली, गणित सोडवताना करायची तसा. "म्हणजे तुम्हाला दर वर्षी कळत होतं. प्रत्येकाचं. त्याच वेळी."

आकडा शून्य होता तेव्हा वृंदाने स्वतःची एक समजूत घातली होती, की इतक्या मुलांत, इतक्या घाईत, माणसाला कसं कळणार कोण काय आहे. आता ती समजूतही राहिली नव्हती. एका यंत्राने सहा वर्षांच्या मुलांची आयुष्यं तपासून सिद्ध केलं होतं, की हिला कळत होतं.

"हो," ती म्हणाली. "कळत होतं."

प्रणिताने मान हलवली. तिला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. तिने आणखी काही विचारलं नाही, पेढ्यांचा पुडा टेबलावर सरकवला आणि नमस्कार करून निघाली.

वृंदा बाहेर आली तेव्हा फाटकाशी दोन माणसं शिडी लावून फ्लेक्स बांधत होती. जिल्ह्यात सर्वाधिक भारांक, खाली हार्दिक अभिनंदन, आणि मधोमध स्नेहसंमेलनातल्या फोटोतून कापून काढलेला तिचा हसरा चेहरा, माणसाहून मोठा.

"काढा तो," ती म्हणाली.

"सरांनी सांगितलंय मॅडम. तीन दिवसांचं भाडं दिलंय." वरचा माणूस दोरी आवळत म्हणाला. "छान आलाय की फोटो!"

फाटकाबाहेर बालाजी सूर्यवंशी सायकल धरून उभा होता. कृषीचा तिसऱ्या पसंतीचा प्रवेश पक्का करायला तो दाखला न्यायला आला होता. त्याने फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला, मग वृंदाकडे बघितलं.

"अभिनंदन मॅडम," तो म्हणाला.

त्यात टोमणा आहे का, हे ती शोधत होती. तो नव्हता. बालाजीला खरोखरच आनंद झालेला होता. आपल्या मॅडम जिल्ह्यात पहिल्या आल्या होत्या. वृंदा त्याच्या सायकलीशेजारी येऊन उभी राहिली, फ्लेक्सकडे पाठ करून.